मालनबाईंचा मुक्काम

अंबरपेठेतल्या त्या गल्लीत मालनबाईंना कोणी एका नावाने हाक मारत नसे. तेलुगू शेजारणी मालनम्मा म्हणत, कोपऱ्यावरचा पानवाला खाला म्हणे, आणि बीदर, उदगीर, आदिलाबादकडून येऊन इथे घरं केलेल्या मराठी कुटुंबांत त्या सगळ्यांच्या मावशी होत्या. हिम्मतराव मात्र बायकोला कुठल्याच नावाने बोलवत नसत. उभा संसार त्यांनी "ऐकलं का" एवढ्यावर काढला. मालनबाईंनी ऐकलं नाही असं कधी झालं नाही. ऐकून मानलं नाही, असं पुष्कळदा झालं.

हिम्मतराव सुलतान बाजारात एका कापडाच्या दुकानात विकायला उभे असत. दिवसभर गिऱ्हाइकांपुढे तागे उलगडायचे आणि पुन्हा गुंडाळून ठेवायचे, हा त्यांचा धंदा. माणूस मितभाषी. सुटीच्या दिवशी थोडं थोडं काम करून त्यांनी घरामागे एक खोली बांधली होती, भाडेकरू ठेवायचा म्हणून. भाडेकरू काही मिळाला नाही. खोलीचा गिलावा ओला होता तेव्हाच पलीकडच्या आळीतली गंगू फुटलेला ओठ घेऊन दारात येऊन बसली. मालनबाईंनी काय झालं म्हणून विचारलं नाही. न्हाणीत गरम पाणी काढून दिलं, भाकरी वाढली आणि त्या ओल्या खोलीत चटई अंथरली. त्या दिवसापासून ती खोली गल्लीतल्या बायकांचं माहेर झाली. मालनबाईंना मूलबाळ नव्हतं. पण मार खाऊन आलेली कोणतीही बाई त्यांची लेक होई, आणि लेकीला माहेरी आल्यावर कोणी कारण विचारत नाही.

या माहेराचा एक शिरस्ता होता. चार-आठ दिवस गेले की नवरा शोधत यायचा. बायको लगेच मिळायची नाही. आधी अंगणात पाट मांडला जायचा. त्याने हातपाय धुऊन जेवायला बसायचं, आणि गल्लीतल्या बाया ओसरीवर उभ्या राहून बघायच्या. मालनबाई स्वतः वाढायच्या.

"जेव रे बाबा. बायकोला मारायला ताकद लागती. घे, आणखी एक भाकरी घे."

"नक्को मावशी, पोट भरलं."

"भरलं? मग घरी राग कशाचा येतो तुला? मला वाटलं उपाशी असशील."

बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. घास तोंडात असल्यामुळे त्याला उत्तर देता यायचं नाही. ताटावरून उठायचीही सोय नव्हती, कारण मालनबाई वाढतच असायच्या. शेवटी तो कान धरायचा, "आता नाही मावशी" म्हणायचा. मग मालनबाई पोरीची ओटी भरायच्या. ओटीतला ब्लाउजपीस हिम्मतरावांनी दुकानातून आणलेला असायचा. रंग कोणता आणायचा हे कोणी सांगत नसे. दोन दिवस मागच्या खोलीतली बाई कोणत्या रंगाची साडी नेसते हे बघून ते आपल्या मनाने आणायचे. मालनबाईंच्या लक्षात ते आलं होतं, पण त्या कधी बोलल्या नव्हत्या.

अशी बरीच वर्षं गेली. गल्लीत केबल आली, मग मोबाइल आले, आणि तिकडे माधापूरच्या खडकांवर काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. गल्लीतली पोरं रात्री गाड्या घेऊन तिकडे कामाला जाऊ लागली. त्याच सुमाराला रसिका नावाची एक पुण्याची मुलगी मालनबाईंकडे आली. तिचा नवरा आदित्य सॉफ्टवेअरमध्ये होता. ती स्वतः एका संस्थेसाठी अभ्यास करत होती. बायकांना होणारी मारहाण थांबावी म्हणून सरकारने आजवर काय काय केलं आणि त्यातलं काय लागू पडलं, हा तिचा विषय. दिल्लीहून घरातल्या हिंसेविरुद्धचा नवा कायदा येऊन वर्षही झालेलं नव्हतं. कोठी भागातल्या वाचनालयात तिला कोणीतरी मालनबाईंचं नाव सांगितलं होतं.

मालनबाईंना ती आवडली. कारण पहिल्याच दिवशी तिने खट्टी दाल तीनदा मागून घेतली.

"काकू, दारूबंदी होती तेव्हा इथे फरक पडला होता?" रसिकाने विचारलं.

"पडला की. दोन वर्षं कैक घरांत शांती होती. जो पिऊन मारायचा त्याचा हात थांबला. पण न पिता मारणारा मारतच राहिला. बहाणा तेवढा गेला त्याचा."

रसिका हे वाक्य ऐकून थांबली आणि तिने ते लिहून घेतलं. मग ती पोलीस ठाण्यांतल्या समुपदेशनाबद्दल सांगू लागली. "तिथे काय होतं काकू, नवराबायकोला समोरासमोर बसवतात, समजूत घालतात. तडजोड झाली की ते प्रकरण मिटलं असं धरतात. जितक्या तडजोडी जास्त, तितकं काम चांगलं. पण ती बाई पुढे कशी राहते, हे बघायला कोणी जात नाही."

"कशाला जातील?" मालनबाई तावातावाने म्हणाल्या. "पोरगी परत ढकलली, यांचं काम झालं. सरकारला काय फिकीर?"

हिम्मतराव ओसरीवर बसून पान लावत होते. त्यांचा हात थांबला. बायको ज्याला नावं ठेवत होती ते त्यांना फार ओळखीचं वाटलं. पण बोलण्याची सवय नव्हती, म्हणून त्यांनी पान तोंडात टाकलं.

रसिकाच्याही मनात तेच आलं असावं. तिने जरा चाचरत विचारलं, "काकू, तुमच्याकडून परत गेलेल्या मुली आता कशा आहेत?"

"बऱ्या आहेत."

"तुम्ही जाऊन बघितलंत?"

मालनबाई हसल्या. "तुमच्या पुण्यात चालत असेल. आमच्यात आई लेकीच्या घरी अशी उठून जात नाही. तिला मूल होईपर्यंत तिच्या घरचं अन्नसुद्धा खात नाहीत. आणि वाईट असत्या तर परत आल्या नसत्या का?"

त्यानंतर पंधरवडाभर रसिका आली नाही. मग एक दिवस ती सुलतान बाजारात हिम्मतरावांच्या दुकानात उभी राहिली. पडद्याचं कापड बघायचं म्हणाली. हिम्मतरावांनी ताग्यामागून तागा उलगडला. तिचं लक्ष कापडावर नव्हतं हे त्यांना दुसऱ्या ताग्यालाच कळलं होतं, पण ते उलगडत राहिले.

"काका, मला काकूंना एक सांगायचंय आणि धीर होत नाही," ती शेवटी म्हणाली. "मी शोभाला भेटले."

शोभा मागच्या खोलीत तीनदा येऊन गेली होती. गडद हिरवा, शेंदरी आणि शेवटचा मोरपंखी, असे तिचे ब्लाउजपीस हिम्मतरावांना आठवले.

"चौथ्या वेळेला तिला घरात घेतलंच नाही काका. नवऱ्याने कुलूप बदललं. चार माणसांत सांगितलं, ही आपल्या पायांनी घर सोडून जाते, दरवेळी जाते, शेजाऱ्यापाजाऱ्यांनी बघितलंय. सगळ्यांनी माना डोलावल्या, कारण ते खरंच होतं. आता ती उप्पलला एका खोलीत राहते, पॅकिंगच्या कामाला जाते. तुमच्याकडे का आली नाहीस विचारलं, तर म्हणाली, मावशींनी तीनदा ओटी भरून पाठवलं, आता कोणत्या तोंडाने जाऊ."

हिम्मतरावांनी तागा गुंडाळायला घेतला. तो वाकडा गुंडाळला गेला, तो त्यांनी पुन्हा उलगडला.

"नव्या कायद्यात हेच वेगळं आहे," रसिका म्हणाली. "घर नवऱ्याचं असलं तरी बाईला त्यातून काढता येत नाही. मारणाऱ्यालाच बाहेर राहायला सांगता येतं. निघून गेलेलीलाही हक्क असतो, पण घर धरून राहिली तर तो लवकर हातात येतो. निघून गेली की सगळं अवघड होऊन बसतं. काकूंना वाईट वाटेल."

"वाटेल," हिम्मतराव म्हणाले. आणि तागा नीट गुंडाळून झाल्यावर, "मी सांगतो."

सांगायला त्यांना दोन दिवस लागले. मालनबाई तांदूळ निवडत असताना ते समोर जाऊन बसले. "ऐकलं का, ती शोभा उप्पलला आहे," अशी सुरुवात करून त्यांनी शोभाच्या नवऱ्याचं कुलूप, चार माणसं आणि नवा कायदा, सगळं जमेल तसं सांगितलं. त्यांच्या आयुष्यातलं ते सगळ्यात लांब बोलणं असावं. मालनबाई खडे वेचत राहिल्या. तांदूळ निवडून झाले तरी सूप खाली ठेवलं नाही.

"म्हणजे मी बाहेर काढलं त्यांना," त्या म्हणाल्या.

"तसं नाही."

"तसंच आहे. मारणारा घरात पाय पसरून झोपला, आणि माझी लेक माझ्या चटईवर. आणि मी त्याला वरून जेवू घातलं."

दुसऱ्या दिवशी त्या बस पकडून एकट्याच उप्पलला गेल्या. तिथे शोभाशी काय बोलणं झालं ते त्यांनी कधी सांगितलं नाही. परत आल्यावर पाय धुतले आणि म्हणाल्या, "चहा तिच्या हातचा घेतला मी. तिला बरं वाटलं." मग रसिकाला बोलावून घेतलं आणि तो नवा कायदा तिच्याकडून तीनदा समजून घेतला. मध्येमध्ये अशा अडवायच्या की रसिकाला आदित्यच्या ओळखीच्या एका वकिलाला फोन लावावा लागला.

त्यानंतर महिना झाला नसेल तोच रेणू आली.

रेणूचा नवरा बबलू कॉल सेंटरची गाडी चालवायचा. रात्रभर लोकांना घरी पोहोचवायचं आणि दिवसा झोपायचं. झोपेत भांडं वाजलं की उठून मारायचा. रेणू दिवसभर मांजरीसारखी चालायला शिकली होती, तरी कधीतरी भांडं वाजायचंच. दोनदा ती मागच्या खोलीत राहून गेली होती आणि दोनदा बबलू अंगणात जेवून तिला घेऊन गेला होता. आता आणखी एक भर पडली होती. बापाने ठेवलेलं त्याचं दोन खोल्यांचं घर एका बिल्डरला हवं होतं. आजूबाजूची दोन घरं पडून तिथे अपार्टमेंटचे खांब उभे राहिले होते. बबलूला घर विकून नवी गाडी घ्यायची होती. रेणू म्हणाली होती, विकशील तर राहायचं कुठे. त्यावर हा मार होता. डाव्या कानाखाली सूज होती आणि हातात कपड्यांची पिशवी.

ती सवयीने मागच्या खोलीकडे वळली.

"पिशवी खाली ठेवू नको," मालनबाई म्हणाल्या.

रेणूचा चेहरा पडला. "मावशी, तिसऱ्यांदा आले म्हणून रागावल्या का? मी जास्त दिवस नाही राहणार."

"आत ये, पाणी पी. कान शेकून घे. बबलू कुठाय?"

"आत्ता डुटीवर गेला. सकाळी येतो."

"मग सकाळच्या आत तू घरात पाहिजेस."

रेणूला रडू फुटलं. जिथे कधी कोणी नको म्हटलं नाही त्या दारातून आपल्याला परत लावतात, असंच तिला वाटलं. मालनबाईंनी तिला रडू दिलं. तेवढ्यात त्यांनी आपलं अंथरूण गुंडाळलं, दोन लुगडी पिशवीत कोंबली, औषधाची बाटली घेतली आणि चपला घातल्या.

"चल. मीपण येते राहायला."

रेणू रडता रडता थांबली. "कुठं?"

"तुझ्या घरी. तू माहेराला यायचीस ना, आता माहेर तुझ्याकडं येतं. ऐकलं का," हा शेवटचा शब्द हिम्मतरावांसाठी होता, "अंथरूण तेवढं उचला."

दिवेलागणीला गल्लीने बघितलं ते असं: पुढे मालनबाई, मागे डोळे पुसणारी रेणू, आणि त्यांच्या मागे डोक्यावर वळकटी घेतलेले हिम्मतराव. पानवाला म्हणाला, "क्या खाला, चचा को निकाल दिये क्या?" हिम्मतरावांनी मान हलवली. ती हो की नाही, हे त्यांनाच माहीत.

रेणूच्या भिंतीला भिंत असलेल्या सुशीलाबाईंना मालनबाईंनी सांगून ठेवलं, आवाज आला तर दार वाजव, आणि दार उघडलं नाही तर गल्ली गोळा कर. रसिकाला फोन गेला. ती म्हणाली, नव्या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्यांना सकाळी घेऊन येते, पण काकू, जपून राहा, आणि जिवावर बेतेल असं वाटलं तर घराचा हट्ट न धरता आधी निघा. "तेवढं कळतं मला," मालनबाई म्हणाल्या. "खोली मोकळी आहे माझी."

सकाळी बबलू आला तेव्हा त्या दारातच बसल्या होत्या. हिम्मतराव पहिल्या बसच्याही आधी येऊन समोरच्या कट्ट्यावर बसले होते. घरात रेणूने भांडी घासायला काढली होती. भांडी चांगली वाजत होती.

बबलू क्षणभर गोंधळला. मग नेहमीचा शिरस्ता आठवून त्याने कान धरले. "मावशी, चुकलं. चला, जेवू घाला अन् पाठवा तिला. न्यायला आलो मी."

"कुठनं न्यायला आलास?"

"तुमच्याकडनं."

"हे माझं घर आहे?"

"नाही, हे माझं..."

"मग कुठनं कुठं नेणार तिला? ती घरातच आहे. कुठं गेलेलीच नाही. सगळ्या गल्लीनं बघितलंय."

सुशीलाबाई दारातून म्हणाल्या, "हौ, बघितलंय. भांडीपण ऐकू येतात."

बबलूचा आवाज चढला. "मावशी, तुम्ही बाजूला व्हा. नवराबायकोचं आहे हे. घर माझ्या नावावर आहे."

"असू दे की. मालकी तुझी, ऱ्हाणं तिचं. मी कुठं म्हणते घर तिच्या नावावर कर म्हणून?"

तो एक पाऊल पुढे आला. हिम्मतराव कट्ट्यावरून उठले. त्यांना मारामारी येत नव्हती, कधी केलीही नव्हती. ते येऊन बायकोच्या शेजारी उंबऱ्यावर बसले, एवढंच. उंबरा अरुंद होता. दोघे बसल्यावर आत जायला वाट उरली नाही. बबलूने दोन म्हाताऱ्यांकडे बघितलं, मग गल्लीकडे बघितलं. गल्ली हळूहळू भरत होती. तो गाडीत जाऊन बसला. तासाभराने रसिका अधिकारी बाईंना घेऊन आली तेव्हा तो स्टिअरिंगवर डोकं ठेवून झोपला होता. त्याच्या काचेवर टकटक करून त्या बाईंनी त्याला उठवलं.

जबाब लिहून झाला, अर्ज कोर्टात गेला. पण कोर्टाचं काम एका दिवसात होत नाही. बबलूचा भाऊ आणि आई मौला अली भागात राहत होते. तो कधी तिकडे राही, कधी इथे पुढच्या खोलीत येऊन झोपे. मालनबाई मधल्या दारात अंथरूण टाकत. एकदा तो बिल्डरच्या माणसाला घेऊन आला. त्या माणसाला मालनबाईंनी घर दाखवलं, मोरी दाखवली, आणि म्हणाल्या, "घ्या, चांगलं घर आहे. मी मात्र आत राहते, ही पोरगीपण राहते. कोर्टात कागद आहे. आमच्यासकट घ्या." तो माणूस पुन्हा आला नाही.

हिम्मतराव रोज दोन वेळा डबा पोहोचवत. लेकीच्या घरी राहावं लागलं तरी तिच्या घरचं खायचं नाही, एवढी एक गोष्ट मालनबाईंनी धरून ठेवली होती. हिम्मतरावांचा स्वयंपाक म्हणजे कच्चा भात आणि करपलेलं पिठलं. मालनबाई तो डबा निमूट खात, आणि रेणू समोर आपलं ताट घेऊन बसे. आठवडाभर तिने बघितलं. मग एक दिवस म्हणाली, "मावशी, राग येणार नसेल तर बोलू?"

"बोल."

"तुम्ही सगळ्यांना सांगता हे माझंपण घर आहे. मला रोज तेच सांगता. पण माझ्या घरचा घास खात नाही. म्हणजे तुमच्या मनात हे अजून त्याचंच आहे. लेक दिलेलं घर."

मालनबाईंच्या हातातला घास हातातच राहिला. हिम्मतराव दारात रिकामा डबा न्यायला थांबले होते. त्यांना वाटलं, आता ही पोरगी बोलणी खाणार. मालनबाईंनी घास डब्यात ठेवला आणि झाकण लावलं.

"ऐकलं का," त्या म्हणाल्या, "उद्यापासून आणू नका." मग रेणूला म्हणाल्या, "वाढ. काय केलंयस?"

"शेपू."

"शेपू मला आवडत नाही. वाढ."

हिम्मतराव डबा घेऊन घरी चालले तेव्हा त्यांना एकीकडे सुटल्यासारखं वाटत होतं आणि दुसरीकडे आता दोन वेळा तिथे जायला निमित्त उरलं नाही म्हणून चुकल्यासारखं. दुसऱ्या दिवशी ते निमित्त नसतानाच गेले. रेणूने त्यांनाही वाढलं.

कोर्टाचा हुकूम आला तो उन्हाळा लागता लागता. बबलूने रेणूला हात लावायचा नाही, घर विकायचं नाही, आणि पुढचा हुकूम होईपर्यंत वेगळं राहायचं. रसिकाने तो वाचून मराठीत सांगितला. तिने स्वतःच्या अभ्यासात काय लिहिलं ते हिम्मतरावांना कळलं नाही. मात्र ती म्हणाली, "काका, नुसत्या कायद्याने हे झालं नसतं आणि नुसत्या काकूंनीही झालं नसतं. हे अहवालात कुठल्या रकान्यात घालू तेच समजत नाही."

बबलू कपडे न्यायला आला. रेणूने दार उघडलं, बॅग बाहेर आणून ठेवली. तो कोणाकडे न बघता म्हणाला, "चादर दे एक. आईकडे माणसं जास्त आहेत." रेणूने आत जाऊन चादर आणून दिली. मालनबाई मध्ये बोलल्या नाहीत. त्याची गाडी वळून गेल्यावर रेणूने दार लावून घेतलं, कडी घातली, आणि कडीवर हात ठेवून थोडा वेळ तशीच उभी राहिली.

मग म्हणाली, "मावशी, आता तुम्ही घरी जावा."

"आजच्या दिवस राहते की. पहिली रात्र आहे."

"नको. तुम्ही असल्यावर मला कळणारच नाही, मी एकटी राहू शकते का नाही. सुशीलाबाई आहेत भिंतीला. काही झालं तर तुमचं घर माहीत आहे मला."

मालनबाई उठल्या. त्यांनी अंथरूण गुंडाळलं. रेणूने त्याला हात लावला तर तिला लावू दिला नाही. हिम्मतरावांनी वळकटी डोक्यावर घेतली आणि दोघे गल्लीने निघाले.

कोपरा आला. मग मालनबाई म्हणाल्या, "बघितलं का, पोरीनं मला घालवून दिलं."

"बघितलं," हिम्मतराव म्हणाले.

"शेपू मात्र चांगला करते हं ती," असं म्हणून मालनबाईंनी मागे वळून बघितलं. रेणूच्या खिडकीत दिवा लागला होता आणि आतून भांड्यांचा आवाज येत होता.